बालगंधर्व : वाट्याला आलेले लुगडे

बालगंधर्वांचे चरित्र मी हाती घेतले ते त्यांच्या गायनाच्या ओढीने. पण वाचता वाचता एक निराळाच प्रश्न मनात ठाण मांडून बसला. माणूस भूमिका वठवतो, की भूमिकाच माणसाला घडवते?

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला म्हणून रंगभूमीवर उभे राहिले. घरंदाज स्त्रीने नाटकात काम करणे तेव्हा निषिद्ध होते. म्हणून गोड गळ्याच्या, नाजूक बांध्याच्या मुलांच्या वाट्याला लुगडे येई. नारायणरावांच्या वाट्याला ते आले आणि जवळजवळ जन्मभर राहिले.

१२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग थांबला नाही. लेक गमावलेला बाप त्या रात्री श्रीमंत बापाची लाडकी लेक भामिनी झाला. ही निष्ठा थोर खरीच. पण नटाच्या भूमिकेने बापाला रडायलाही सवड दिली नाही, हे मला विसरवत नाही.

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांची नेसण, केसांतला गजरा, पदर सावरण्याची ढब घरोघरच्या स्त्रिया उचलू लागल्या. पुरुषाने शिकून घेतलेले बाईपण बायकांनी त्याच्याकडून शिकावे! म्हणजे ज्याला आपण उपजत स्त्रीस्वभाव म्हणतो, त्यातले पुष्कळसे पढवलेलेच असते. आम्ही मंचेरियलची मराठी मुले बाजारात तेलुगू बोलू लागलो की आमचे हातवारेसुद्धा बदलतात. मग जन्मभर पढवलेल्या भूमिकेचे काय सांगावे?

पुढे काळ पालटला. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्व संत एकनाथ झाले. १९३८ च्या सुमारास गोहर कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या व नायिका झाल्या. पण प्रेक्षकांच्या मनातली नायिका हलली नाही. शरीर स्थूल झाले, वय उलटले, तरी त्यांना पुन्हा लुगडे नेसून उभे राहावे लागले. १९६४ साली पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले.

त्यांनी आपली भूमिका अमर केली. पण ती त्यांना देणारा आणि स्त्रीला नाकारणारा समाजच होता. आपल्यालाही कोणी मुलगा म्हणून, कोणी मुलगी म्हणून, कोणी जातीवरून भूमिका वाटून दिलेली असते. ती वठवण्यापूर्वी, ती वाटली कोणी, एवढे तरी आपण विचारावे.