टीव्हीला अॅम्प्लिफायर जोडताय? आधी दामलेमामांना भेटा!

टीव्ही दरवर्षी पातळ होत चाललाय आणि त्याच्यासोबत त्याचा आवाजही. कारण सोपं आहे. पूर्वीच्या डब्बा टीव्हीत स्पीकर समोर बसवायला जागा होती. आता कडेला बोटभरही जागा नाही, म्हणून बहुतेक कंपन्या बारीक स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवतात. जाड आवाज भिंतीवरून वळून येतो, पण शब्दांना धार देणारे बारीक आवाज, म्हणजे स, श, च, त, ट, हे सरळ रेषेत जातात आणि भिंतीकडेच अर्धे विरतात. त्यात आमच्या जळगावचा उन्हाळा! पारा ४५ च्या आसपास आणि खिडकीत घोंघावणारा कूलर. व्हॉल्यूम कितीही वाढवा, आवाज मोठा होतो, पण शब्द काही कळत नाहीत.

यावरचा उपाय म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेरच्या अॅम्प्लिफायरला देणं. ते कसं करायचं हे आज मी सांगणारच आहे. पण त्याआधी एका माणसाची गोष्ट सांगतो. कारण या जोडणीत लागणाऱ्या जवळपास सगळ्या कल्पना त्या माणसानं नव्वद वर्षांपूर्वी मराठी सिनेमासाठी हातानं राबवल्या होत्या. त्याचं नाव विष्णुपंत गोविंद दामले. सिनेमाच्या जगात सगळे त्यांना दामलेमामा म्हणायचे.

पडदे रंगवता रंगवता कॅमेरा

दामल्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा, रायगड जिल्ह्यातल्या पेणचा. तेव्हा ध्वनी अभियांत्रिकी वगैरे शिकवणारं कॉलेज इथं नव्हतंच. ते कोल्हापूरला आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांच्या हाताखाली आले. काम होतं नाटकांचे पडदे रंगवण्याचं. पण पेंटर बंधूंना सिनेमाचं वेड लागलेलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी नाद सोडला नाही. १९१८ मध्ये त्यांनी देशी बनावटीचा कॅमेरा तयार केला आणि त्या खटपटीत त्यांच्यासोबत होते दामले. जरा विचार करा. यूट्यूबवर व्हिडिओ नाहीत, सुटे भाग मिळत नाहीत आणि तरी कॅमेरा घडवायचा!

त्याच कोल्हापुरात त्यांना आयुष्यभराचा जोडीदार भेटला, शेख फत्तेलाल. त्यांना लोक साहेबमामा म्हणत. फत्तेलालांचा हात चित्रात आणि नेपथ्यात, दामल्यांचं डोकं यंत्रात. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दोघं घडले आणि १९२८ मध्ये दोघांनी मिळून ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शित केला. पुढं १ जून १९२९ ला व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. तुतारी फुंकणारी स्त्री हे जिचं बोधचिन्ह, तीच ही प्रभात.

गंमत बघा. तुतारी वाजतेय, पण सिनेमा मुका!

सिनेमा बोलला आणि सगळंच बदललं

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला आणि हिंदुस्थानी सिनेमा बोलू लागला. मूकपट काढणाऱ्या कंपन्यांपुढं सरळ प्रश्न उभा राहिला: बोला, नाहीतर बंद व्हा. प्रभातनं बोलायचं ठरवलं. आवाजाची जबाबदारी घेतली दामल्यांनी. तेव्हा ते चाळिशीला टेकलेले होते. पडदे रंगवण्यापासून सुरुवात केलेला माणूस आता मायक्रोफोन, व्हॉल्व्ह आणि विजेच्या तारांशी झुंजत होता. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. तो पहिला मराठी बोलपट म्हणून ओळखला जातो. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे त्यात होते आणि ध्वनिमुद्रण दामल्यांचं होतं.

आज आपण मोबाईलवर आवाज वेगळा, व्हिडिओ वेगळा घेतो आणि अॅपमध्ये जुळवतो. त्या सुरुवातीच्या काळात असं नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर खरोखर गायचा. वादक चौकटीच्या बाहेर दडून बसायचे. मायक्रोफोन दिसता कामा नये, पण तोंडापासून लांबही नको. कॅमेऱ्याची घरघर आवाजात येता कामा नये. एकजण चुकला की गाणं पुन्हा पहिल्यापासून.

आवाज उजेडातून येतो!

आता तांत्रिक भाग. कंटाळू नका, मजा आहे.

बोलपटाच्या रिळाच्या कडेला एक बारीक पट्टी असते. आवाजाच्या चढउताराप्रमाणे त्या पट्टीत काळं-पांढरं कमीजास्त होतं. प्रोजेक्टरमध्ये त्या पट्टीतून उजेडाची बारीक रेघ जाते आणि पलीकडच्या प्रकाश-विद्युत घटावर पडते. उजेड कमीजास्त झाला की वीजही कमीजास्त होते. ही वीज इतकी क्षीण असते की तिच्यावर स्पीकर चालणं शक्यच नाही. मग मध्ये येतो अॅम्प्लिफायर. तो त्या चिमुकल्या सिग्नलची हुबेहूब, पण ताकदवान नक्कल बनवतो आणि स्पीकरला देतो. बस्स, तुमच्या घरातला अॅम्प्लिफायरसुद्धा हेच करतो.

तुमच्या टीव्हीच्या मागं ‘ऑप्टिकल’ नावाचं चौकोनी भोक असतं ना, ज्यातून लाल उजेड दिसतो? तिथंही आवाज उजेडातूनच बाहेर येतो. फरक एवढाच की फिल्मवर उजेड हळूहळू कमीजास्त व्हायचा आणि ऑप्टिकल केबलमध्ये तो सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, कारण हा सिग्नल डिजिटल आहे.

दुसरी गंमत म्हणजे ओठ आणि आवाज जुळवणं. चित्र दिसताना फिल्म खिडकीपुढं झटक्याझटक्यानं सरकते, सेकंदाला २४ चित्रं. आवाज वाचायला मात्र फिल्म एकसारखी सरकावी लागते. म्हणून आवाज वाचणारी जागा चित्राच्या खिडकीपासून थोडी पुढं असते आणि फिल्मवर आवाजही चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढं छापलेला असतो. ऑपरेटरनं फिल्म ओवताना मधला फेरा लांब-आखूड केला, की ओठ हलतात एकदा आणि शब्द ऐकू येतो दुसऱ्यांदा. ब्लूटूथ स्पीकरवर टीव्ही बघताना तुम्हाला जो वैताग येतो, तो आजचा नाही बरं का!

तुकोबांचा आवाज

१९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. मग १९३६ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला ‘संत तुकाराम’. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस, जिजाई झाल्या गौरी, संगीत केशवराव भोळे यांचं. शांताराम आठवले यांनी या सिनेमासाठी लिहिलेलं एक गाणं लोकांना खुद्द तुकोबांचाच अभंग वाटलं! मुंबईत सिनेमा वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली.

त्याच सुमारास तिकडं लंडनमध्ये बीबीसीनं २ नोव्हेंबर १९३६ ला नियमित टीव्ही सेवा सुरू केली होती. ते टीव्ही तंत्र उभं करणाऱ्यांत अॅलन ब्लुमलाइन नावाचा तरुण इंजिनियर होता. त्यानंच १९३१ मध्ये स्टिरिओ आवाजाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आज आपण टीव्हीला दोन स्पीकर जोडतो तेव्हा त्याचीच कल्पना वापरतो. दामल्यांकडं मात्र एकच चॅनल होतं. तुकोबांचा गळा, टाळ, चिपळ्या, जिजाईचा तडाखा, सगळं त्या एका पट्टीत मावायला हवं आणि तरी प्रत्येक शब्द गावातल्या माणसाला कळायला हवा. मला विचाराल तर त्यांची खरी कसोटी हीच होती.

माझ्या घरी हा सिनेमा आजीसाठी लागतो. तिला कमी ऐकू येतं, हे खरं. तिचे कान डॉक्टरांना दाखवलेही. पण अर्धा दोष टीव्हीचा होता. ती हळूहळू टीव्हीसमोर बसणंच सोडून देत होती, कारण सगळे हसले तरी का हसले हे तिला कळायचं नाही आणि दरवेळी विचारायचा तिला संकोच वाटायचा. वडिलांचा जुना दोन चॅनलचा अॅम्प्लिफायर माळ्यावरून काढला, गोलाणी मार्केटमधून केबल आणली आणि दोन स्पीकर तिच्या खुर्चीकडं तोंड करून ठेवले. आता जिजाई कडाडली की आजी आमच्या आधी हसते.

चला, आता वायर जोडूया

आधी दोन्ही यंत्रं बंद करा आणि प्लग काढा. मग तुमच्या अॅम्प्लिफायरच्या मागं काय आहे ते बघा.

१. एचडीएमआय असेल तर: टीव्हीच्या ज्या एचडीएमआय भोकावर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलंय त्यातच केबल लावा, दुसऱ्यात नको. दुसरं टोक अॅम्प्लिफायरच्या ‘एआरसी’ भोकात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमीजास्त होईल.

२. ऑप्टिकल असेल तर: ऑप्टिकल केबलच्या टोकावरची प्लास्टिकची टोपी आधी काढा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’ वर ठेवा.

३. फक्त लाल-पांढरी पिन असेल तर: बहुतेक जुने अॅम्प्लिफायर असेच असतात. टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर ३.५ मिमी ते लाल-पांढरी पिन अशी केबल घ्या. लाल उजवीकडचा, पांढरा डावीकडचा. टीव्हीचा व्हॉल्यूम पाऊण ठेवा आणि बाकीचं अॅम्प्लिफायरवर करा. टीव्हीला हेडफोनचं भोक नसेल तर ऑप्टिकलचं लाल-पांढऱ्यात रूपांतर करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो. इथंही पीसीएमच ठेवा, नाहीतर बऱ्याचदा आवाजच येत नाही.

पिना ‘ऑक्स’, ‘टेप’ किंवा ‘सीडी’ लिहिलंय तिथं लावा. ‘फोनो’ मध्ये चुकूनही नको. ते भोक रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं. तिथं टीव्ही जोडला की आवाज फाटतो.

सतत घुं असा आवाज येतोय? बऱ्याचदा डिशच्या किंवा केबलच्या तारेमुळं अर्थिंगचा वेढा तयार होतो. ती तार क्षणभर काढून बघा. आवाज थांबला तर कारण सापडलं. अशा वेळी ऑप्टिकल केबल कामाला येते, कारण तिच्यातून वीज जातच नाही. पण आवाज घालवायला प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका. ती तुमच्या जिवासाठी आहे.

ब्लूटूथ शेवटचा पर्याय. गाणी ऐकायला छान, पण सिनेमात शब्द ओठांच्या मागं पडतात. टीव्हीत आवाज मागंपुढं करायची सोय असेल तर वापरून बघा. मात्र बहुतेक टीव्ही आवाजाला आणखी उशीर करू शकतात, आधीच उशिरा आलेला आवाज पुढं ओढू शकत नाहीत.

जोडणी तपासायची? ‘संत तुकाराम’ लावा

जोडून झालं की प्रभातचा कुठलाही जुना सिनेमा लावा. ही फुकटातली उत्तम चाचणी आहे. आवाज मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज येतो. दोन्हींच्या बरोबर मध्ये बसा. आवाज मधोमध, जणू पडद्यातूनच यायला हवा. तो पोकळ, विखुरलेला आणि जाडी नसलेला वाटत असेल तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्यात. लाल तार लालला, काळी काळ्याला, हे दोन्ही स्पीकरवर आणि अॅम्प्लिफायरवर पुन्हा तपासा.

‘सराउंड’, ‘थ्रीडी’ असली बटणं बंद ठेवा. एकाच पट्टीतल्या आवाजाला ती उगीच घुमवतात आणि शब्द पुसट होतात. जुन्या फिल्मच्या पट्टीत फार बारीक आवाज नसतातच, तिथं असते फक्त सरसर. म्हणून ट्रेबल थोडा कमी करा. खूपही नको, नाहीतर शब्दांची धार जाईल.

दामलेमामा पुढंही काम करत राहिले. फत्तेलालांसोबत १९३८ ला ‘गोपालकृष्ण’, १९४० ला ‘संत ज्ञानेश्वर’. ५ जुलै १९४५ ला ते गेले. भारतात टीव्ही आला १९५९ ला, मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यांनी आपला सिनेमा कधी टीव्हीवर पाहिला नाही. प्रभात १९५३ च्या सुमारास बंद पडली आणि तिच्या पुण्यातल्या स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथं आज मुलं रीतसर ध्वनिमुद्रण शिकतात.

एवढ्या कष्टानं पट्टीत बसवलेला शब्द घरातल्या कूलरच्या घरघरीत हरवू नये, यासाठी आपल्याला लागते एक केबल आणि रविवारची एक दुपार. घरात कुणी टीव्हीसमोर गप्प बसून राहत असेल, तर सुरुवात त्यांच्या खुर्चीपासून करा. स्पीकरचं तोंड तिकडं वळवा.