फ्रँकलिनच्या वहीतले काळे ठिपके

उद्यापासून पहाटे पाचला उठणार, रोज दोन तास वाचणार, मोबाइल कमी करणार, व्यायाम तर करणारच! सेमिस्टरच्या सुरुवातीला असे संकल्प आपण सगळेच सोडतो. आठवड्याभरात ते बारगळतात आणि मग आपल्यात जिद्दच नाही, असं म्हणत आपण स्वतःला नावं ठेवत बसतो. तुमचंही असंच होत असेल, तर बेंजामिन फ्रँकलिनच्या वहीची गोष्ट वाचाच.

फ्रँकलिन म्हटलं की वीज आणि पतंग आठवतो, नाहीतर शंभर डॉलरच्या नोटेवरचा चेहरा. पण हा माणूस जन्मला तो बोस्टनमधल्या साबण-मेणबत्त्या बनवणाऱ्याच्या घरी, १७ जानेवारी १७०६ रोजी. वडिलांना एकूण १७ मुलं, त्यातला हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. पुढे भावाशी बिनसलं आणि सतराव्या वर्षी हा पळून फिलाडेल्फियाला गेला.

भावाच्या छापखान्यात असतानाच त्यानं एक ध्येय ठरवलं होतं. चांगलं लिहायला शिकायचं. त्यासाठी तो ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातला एखादा लेख घ्यायचा, त्यातले मुद्दे टिपायचा आणि काही दिवस ते टिपण बाजूला ठेवायचा. मग तोच लेख स्वतःच्या शब्दांत लिहून मूळ लेखाशी ताडून बघायचा. शिकवायला कुणी नव्हतं, पण आपण कुठे चुकलो हे कळायची सोय त्यानं स्वतःच केली होती.

पंचविशीच्या आसपास त्यानं भलतंच मोठं टार्गेट घेतलं. एकही चूक न करता जगायचं! लवकरच त्याच्या लक्षात आलं की एका सवयीवर लक्ष ठेवावं, तर दुसरी मागच्या दारानं आत येते. चांगलं वागावं हे पटणं वेगळं आणि त्याची सवय लागणं वेगळं.

मग त्यानं मोठ्या ध्येयाचे तुकडे केले. मिताहार, कमी बोलणं, व्यवस्थितपणा, काटकसर, उद्योगीपणा अशी गुणांची यादी केली आणि प्रत्येकाचा नेमका अर्थ थोडक्यात लिहून ठेवला. एका छोट्या वहीत एकेका गुणाला एकेक पान दिलं. पानावर आठवड्याचे सात उभे रकाने आणि सगळ्या गुणांच्या आडव्या ओळी. दिवसभरात जिथे चुकलं, तिथे रात्री काळा ठिपका. मात्र एका आठवड्यात खास लक्ष एकाच गुणाकडे. गुण १३, म्हणजे १३ आठवड्यांची एक फेरी आणि वर्षात चार फेऱ्या.

आपल्यात इतके दोष असतील असं त्याला वाटलंच नव्हतं! जुने ठिपके खरवडून वही पुन्हा वापरता वापरता कागदाला भोकं पडली. मग त्यानं ठिपके ओल्या स्पंजनं पुसता येतील अशी हस्तिदंती पानांची वही केली. हळूहळू ठिपके कमी होऊ लागले. व्यवस्थितपणा मात्र त्याला शेवटपर्यंत जमला नाही.

यादीत आधी १२च गुण होते. तेरावा, नम्रता, आला तो एका मित्रामुळे. लोक तुला गर्विष्ठ समजतात, असं त्या मित्रानं उदाहरणं देऊन सांगितलं. फ्रँकलिननं ते ऐकून घेतलं आणि बोलताना ठाम, अखेरचा शब्द असल्यासारखी विधानं करणं सोडलं. त्यामुळे आपल्या सूचना लोक ऐकू लागले, असं त्यानंच पुढे नोंदवलंय.

वहीला एक मर्यादाही होती. ज्याचा रकानाच नाही, तो दोष तिच्यात दिसणार कसा? फ्रँकलिनच्या घरी अनेक वर्षं गुलाम होते. तो गुलामगिरीविरुद्ध उघडपणे उभा राहिला तो अगदी उतारवयात. १७८७मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९०मध्ये, मृत्यूच्या दोनच महिने आधी, त्यानं अमेरिकी काँग्रेसकडे अर्ज पाठवला.

म्हणूनच स्वतःची वही हवी, तसं दुसरं कुणीतरीही हवं. आपल्या नजरेतून सुटलेलं दाखवणारा मित्र, शिक्षक किंवा काउन्सेलर. चांगला काउन्सेलर तुमचं ध्येय ठरवून देत नाही. तुम्हाला नक्की काय हवंय हे तो विचारतो आणि पुढच्या भेटीपर्यंत तपासता येईल इतका छोटा तुकडा तुमच्याकडूनच काढून घेतो. ‘अभ्यास वाढवायचा’ हे तपासता येत नाही. ‘रात्री जेवणाआधी एक प्रकरण’ हे येतं.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पॅरिसजवळ राहत असताना, फ्रँकलिननं या वहीची हकिगत लिहिली. आपण निर्दोष झालो नाही हे त्यानं मोकळेपणानं मान्य केलं. पण प्रयत्नच केला नसता तर जसे राहिलो असतो, त्यापेक्षा नक्कीच बरे आणि सुखी झालो, असा त्याचा हिशेब होता.

तेव्हा या आठवड्यात एकच सवय निवडा आणि सात रकाने आखा. पहिल्या दिवशी ठिपका पडला तरी पान फाडू नका.