विश्लेषण : ज्या ‘अल्सेशियन’वर एका देशाने बंदी घातली, तो घडवणारे मॅक्स फॉन श्टेफानित्झ कोण होते?

कुत्र्याच्या एखाद्या जातीवरच बंदी घालावी की चावणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला जबाबदार धरावे, हा वाद भारतात २०२४ मध्ये न्यायालयापर्यंत गेला. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना परिपत्रक पाठवून पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो यांच्यासह २३ जातींची विक्री आणि पैदास थांबवण्यास सांगितले. त्या यादीत जर्मन शेफर्ड नव्हता. आपल्याकडे जुनी मंडळी ज्याला आजही ‘अल्सेशियन’ म्हणतात, तोच हा कुत्रा. साधारण १०० वर्षांपूर्वी मात्र ‘धोकादायक जात’ म्हटले की ऑस्ट्रेलियात याच कुत्र्याचे नाव पुढे येत असे. ही जात घडवणाऱ्या माणसाचे आयुष्य हा वाद समजून घ्यायला उपयोगी पडते.

घोडदळातील कॅप्टन कुत्र्यांकडे कसा वळला?

मॅक्स फॉन श्टेफानित्झ यांचा जन्म ३० डिसेंबर १८६४ रोजी ड्रेस्डेन येथे, सॅक्सनीतील एका सरदार घराण्यात झाला. घरच्या इच्छेप्रमाणे ते सैन्यात गेले आणि घोडदळात अधिकारी झाले. मधला काही काळ त्यांची नेमणूक बर्लिनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात होती. प्राण्याची हाडे, सांधे, चाल आणि आनुवंशिकता यांचे जे ज्ञान पुढे त्यांच्या कामी आले, ते तिथलेच.

लष्करी सरावाच्या काळात त्यांनी ग्रामीण जर्मनीतील मेंढपाळांचे कुत्रे पाहिले. मालकाने नुसती खूण केली की शेकडो मेंढ्यांचा कळप शेताच्या बांधाबाहेर न जाऊ देता हाकणारा तो कुत्रा त्यांच्या मनात बसला. प्रत्येक भागातील कुत्रे वेगळे होते. कुठे कान पडलेले, कुठे शेपटी वळलेली, कुणी लांब केसांचे, कुणी आखूड. त्यांना एका जातीत बसवण्याचा प्रयत्न १८९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘फायलॅक्स’ या संस्थेने केला होता, पण कुत्रा दिसण्यासाठी पैदा करायचा की कामासाठी, यावर सदस्यांचे जमले नाही आणि काही वर्षांतच ती बंद पडली. या भांडणात श्टेफानित्झ ठामपणे कामाच्या बाजूचे होते.

१८९८ मध्ये त्यांना कॅप्टनपदी बढती मिळाली, पण त्यानंतर लवकरच सैन्य सोडावे लागले. त्यांनी एका अभिनेत्रीशी लग्न केले होते आणि त्या काळच्या अधिकारी वर्तुळाला ते खपणारे नव्हते. बव्हेरियातील ग्राफ्राथजवळच्या जागेत त्यांनी कुत्र्यांची पैदास सुरू केली.

कार्ल्सरूहेच्या प्रदर्शनात काय घडले?

३ एप्रिल १८९९ रोजी कार्ल्सरूहे येथील श्वान प्रदर्शनात श्टेफानित्झ आणि त्यांचे मित्र आर्टुर मायर फिरत होते. तिथे त्यांना हेक्टर लिंक्सऱ्हाईन नावाचा चार वर्षांचा कुत्रा दिसला. उंची ६० सेंटीमीटरच्या आसपास, रंग लांडग्यासारखा पिवळसर करडा, अंगकाठी बळकट पण बोजड नाही. श्टेफानित्झ यांनी तो तिथेच विकत घेतला आणि त्याचे नाव बदलून होरांड फॉन ग्राफ्राथ ठेवले. पुढच्या तीन आठवड्यांत, २२ एप्रिल १८९९ रोजी, ‘एसव्ही’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी जर्मन शेफर्ड संघटना उभी राहिली. संस्थापकांत मेंढपाळ होते तसे कारखानदारही होते. वंशावळीच्या नोंदवहीत होरांडला पहिला क्रमांक मिळाला. जगभरातील नोंदणीकृत जर्मन शेफर्डचा वंश मागे नेत गेले तर तो या एका कुत्र्यापर्यंत पोहोचतो.

याची दुसरी बाजूही आहे. जात लवकर पक्की व्हावी म्हणून होरांड आणि त्याच्या पिल्लांचा जवळच्या नात्यात वारंवार संकर केला गेला. त्यामुळे हवे ते गुण पटकन स्थिर झाले, पण दोषही तितक्याच वेगाने पसरण्याचा धोका होता. म्हणून मेंढपाळांकडचे नव्या रक्ताचे कुत्रे मधूनमधून आणावे लागले.

मेंढ्या कमी झाल्यावर या कुत्र्याने काय करायचे?

जर्मनीत कारखाने वाढले, कुरणे घटली आणि मेंढपाळाचा कुत्रा बेकार होण्याची वेळ आली. श्टेफानित्झ यांनी पोलीस आणि लष्कराचे दरवाजे ठोठावले. कळप राखणाऱ्या कुत्र्याला हुकूम पाळणे, अनोळखी माणसावर नजर ठेवणे आणि गरज पडली तरच पुढे होणे जमते, तर तो गस्तीलाही चालेल, असा त्यांचा हिशेब होता. सुरुवातीला अधिकाऱ्यांनी फारसे मनावर घेतले नाही, पण पुढे पोलीस दलांनी हा कुत्रा स्वीकारला. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात निरोप पोहोचवणे, जखमी शोधणे आणि पहारा अशा कामांवर हजारो कुत्रे होते. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची शाळा सुरू झाली, तिथेही ही जात वापरली गेली.

याच काळात संघटनेने कुत्र्यांच्या परीक्षा रुजवल्या. वास घेत माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण असे तिचे तीन भाग होते. यातला तिसरा भाग आजच्या चर्चेत महत्त्वाचा आहे. त्यात कुत्रा किती जोरात चावतो एवढेच पाहिले जात नाही, तर हुकूम मिळताच तो सोडतो का, हेही पाहिले जाते. जो सोडत नाही तो नापास. चावणाऱ्या कुत्र्याचे कौतुक करणाऱ्या अनेकांना परीक्षेचा हा अर्धा भाग माहीतच नसतो.

‘अल्सेशियन’ हे नाव कुठून आले?

महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ‘जर्मन’ हा शब्दच नकोसा झाला होता. तिथल्या केनेल क्लबने १९१९ मध्ये या जातीची स्वतंत्र नोंद केली, पण फ्रान्स-जर्मनी सीमेवरील अल्सास प्रांताचे नाव देऊन. सुरुवातीला त्याला ‘अल्सेशियन वुल्फ डॉग’ म्हटले जाई. यातला ‘वुल्फ’ पुढे गळला, पण लांडग्याची शंका लोकांच्या डोक्यातून गेली नाही. ब्रिटनमध्ये मूळ नाव परत यायला १९७७ उजाडले. भारतात ब्रिटिश अमदानीत आलेले जुने नाव टिकले. म्हणूनच आपल्याकडे अल्सेशियन आणि जर्मन शेफर्ड हे दोन वेगळे कुत्रे आहेत असे समजणारे अजून भेटतात.

लोकप्रियतेने नेमके काय बिघडवले?

ब्रिटनमध्ये १९१९ मध्ये अवघ्या ५४ कुत्र्यांची नोंद होती. १९२६ पर्यंत ती आठ हजारांवर गेली. अमेरिकेत स्ट्राँगहार्ट आणि रिन टिन टिन हे दोन कुत्रे मूकपटांचे नायक झाले. दोघेही याच जातीचे. पडद्यावर पाहिलेला कुत्रा घराघरांत हवा झाला आणि पिल्ले विकणाऱ्यांची चांदी झाली. मागणी अशी वाढली की स्वभाव, आरोग्य, आई-बाप कोण, हे पाहायला कुणाला सवड नव्हती. भित्रे, चिडके, दचकून चावणारे कुत्रे मोठ्या संख्येने बाजारात आले. मेंढ्यांमागे दिवसभर धावणारा प्राणी शहरी घरांत साखळीला बांधला गेला, हे वेगळेच.

जर्मनीतही चित्र फार वेगळे नव्हते. कुत्रे उंच आणि बोजड होऊ लागले, स्वभावात दोष दिसू लागले. श्टेफानित्झ यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘क्योरुंग’ ही तपासणी पद्धत आणली. नुसती वंशावळ चांगली आहे म्हणून कुत्र्याला पैदाशीसाठी वापरता येणार नाही. तज्ज्ञ त्याची अंगरचना आणि स्वभाव पाहतील, तो कोणत्या मादीसाठी योग्य आणि कोणत्या नाही, हे नोंदवतील, असा नियम. गावोगावी पैदाशीवर देखरेख करणारे संघटनेचे प्रतिनिधीही नेमले गेले.

१९२५ मध्ये फ्रँकफुर्टच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांनी विजेता म्हणून क्लोडो फॉन बोक्सबेर्ग हा कुत्रा निवडला. तो तेव्हाच्या पसंतीपेक्षा बुटका, लांब आणि स्थिर स्वभावाचा होता. उंच, भारदस्त कुत्रे घेऊन आलेल्यांसाठी हा निर्णय धक्कादायक होता. पण त्यानंतर जातीची दिशा बदलली. पुढे अनेक वर्षांनी याच वंशात पाठीचा उतार आणि नितंबाच्या सांध्याचे आजार यांवरून टीका झाली, तो इतिहास वेगळा. बिघडलेल्या जातीवर श्टेफानित्झ यांचा उपाय मात्र यातून दिसतो. त्यांच्या लेखी दोष आधी पैदास करणाऱ्याचा, मग सांभाळणाऱ्याचा.

ऑस्ट्रेलियाने काय केले?

नेमके उलटे. १९२९ मध्ये ऑस्ट्रेलियाने अल्सेशियनच्या आयातीवर बंदी घातली. मेंढ्या हा तिथल्या अर्थव्यवस्थेचा कणा होता. हा ‘लांडगा-कुत्रा’ जंगली डिंगोशी संकर करेल आणि त्यातून मेंढ्या मारणारी अधिक चलाख, अधिक ताकदवान अवलाद तयार होईल, अशी पशुपालकांना भीती होती. मेंढ्या राखण्यासाठीच घडवलेल्या जातीवर मेंढ्यांचा शत्रू म्हणून शिक्का बसावा, हा विरोधाभास तेव्हा फार कुणाला टोचला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाने तर १९२९ मध्येच अल्सेशियनसाठी स्वतंत्र कायदा करून निर्बीजीकरण सक्तीचे केले.

पशुपालकांची भीती अगदीच हास्यास्पद म्हणता येणार नाही. एका रात्रीत कळप फाडला गेला तर शेतकऱ्याचे वर्ष बुडते, आणि मोकाट सोडलेला कोणताही मोठा कुत्रा ते करू शकतो. पण बंदीचा आधार घडलेल्या हल्ल्यांपेक्षा नाव आणि रूप हाच अधिक होता. ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ टिकली. उठवल्यानंतर आज ही जात तिथल्या पोलीस दलांत सर्रास दिसते.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९३३ नंतर नाझी सत्तेने प्रत्येक संस्था ताब्यात घ्यायला सुरुवात केली, श्वानसंघटनाही सुटल्या नाहीत. एसव्हीतले अनेक सदस्य नाझी पक्षाचे होते. श्टेफानित्झ यांच्यावर दबाव वाढत गेला, छळछावणीत पाठवण्याच्या धमक्याही दिल्या गेल्या. अखेर १९३५ मध्ये, ३६ वर्षे चालवलेली संघटना त्यांनी सोडली. म्हणून त्यांना सरळ नायक ठरवणेही बरोबर नाही. जातीविषयीच्या त्यांच्या जाडजूड ग्रंथात त्या काळचा जर्मन वंशवाद आणि ज्यूविरोध डोकावतो. रक्ताच्या शुद्धतेची जी भाषा कुत्र्यांच्या जगात सहज वापरली जात होती, ती माणसांना लावणाऱ्यांच्या हाती देश गेला होता. छळछावण्यांच्या पहाऱ्यावर पुढे याच जातीचे कुत्रे उभे केले गेले. ते पाहायला श्टेफानित्झ नव्हते. २२ एप्रिल १९३६ रोजी, संघटनेच्या ३७ व्या स्थापनादिनी, त्यांचे निधन झाले.

मग बंदी की जबाबदारी?

बंदीच्या बाजूने असलेला मुद्दा सोपा आणि वजनदार आहे. छोटा कुत्रा चावला तर टाके पडतात, पिटबुलसारखा कुत्रा सुटला नाही तर जीव जातो. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात एका वृद्धेचा मृत्यू झाला, तेव्हा देशभर हीच चर्चा होती. ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने चार जातींवर बंदी घातली आणि फेब्रुवारी २०२४ पासून एक्सएल बुली हा कुत्रा सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय पाळणे बेकायदा ठरवले. दुसरीकडे नेदरलँड्सने १९९३ ची पिटबुलबंदी २००८ मध्ये मागे घेतली, कारण चावण्याच्या घटना घटल्या नव्हत्या. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील एका मोठ्या अभ्यासात दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासली गेली. एकेका कुत्र्याच्या वागण्यातील फरकांपैकी साधारण ९ टक्केच जातीवरून सांगता येतात, असे त्यात आढळले. पण तो अभ्यास वागण्याचा होता. चावल्यावर किती इजा होईल, हा प्रश्न वेगळा, आणि तिथे कुत्र्याचा आकार आणि जबड्याची ताकद मोजावीच लागते.

भारतातील परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केले. संबंधितांशी पुरेशी सल्लामसलत झाली नव्हती, हा त्यातला मुख्य आक्षेप. मालकाला जबाबदार धरणारी तरतूद कायद्यात आधीपासून आहे. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या दंड संहितेत हा दंड एक हजार होता. पैदास करणाऱ्यांसाठी २०१७ चे नियम आहेत. नोंदणी सक्तीची, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकायला मनाई. समाजमाध्यमांवर पिल्लांच्या जाहिराती पाहिल्या तर यातले किती पाळले जाते, हे कळायला वेळ लागत नाही.

श्टेफानित्झ यांच्या जर्मनीत आज दोन्ही वाटा एकत्र दिसतात. पिटबुलसह चार जाती देशात आणण्यावर २००१ पासून बंदी आहे. आणि लोअर सॅक्सनी या राज्यात २०१३ पासून पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला, तो कोणत्याही जातीचा असो, परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षा कुत्रा घरी आणण्यापूर्वी, तर प्रात्यक्षिक पहिल्या वर्षभरात.