हसवता हसवता स्टुडिओची मालकीण!

‘फ्रेंड्स’ किंवा ‘द बिग बँग थिअरी’ बिंज करताना मागून येणारा हशा आपल्या इतका अंगवळणी पडलाय, की तो आला कुठून हा प्रश्नही पडत नाही. समोर खरेखुरे प्रेक्षक, एकाच वेळी चालणारे तीन कॅमेरे आणि नाटकासारखा सलग रंगणारा सीन. सिटकॉमचा हा फॉर्म्युला रुजवला १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘आय लव्ह ल्युसी’ने. त्यातली ल्युसी म्हणजे ल्युसिल बॉल.

ल्युसिलचा जन्म ६ ऑगस्ट १९११चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउनमधला. ती चार वर्षांचीही नव्हती, तेव्हा वडील टायफॉइडने गेले. टीनएजमध्ये ती न्यूयॉर्क शहरात नाटक शिकायला गेली, तर ‘हिच्यात काही दम नाही’ म्हणून शिक्षकांनी परत पाठवलं. मग मॉडेलिंग, मध्येच मोठं आजारपण आणि १९३३ मध्ये हॉलिवूड. तिथे आरकेओ स्टुडिओत छोटे रोल, बी-ग्रेड सिनेमे. चाळिशी जवळ आली, तरी मोठी स्टार होणं काही जमलं नव्हतं.

रेडिओवरची तिची विनोदी मालिका मात्र चालली. सीबीएसला ती टीव्हीवर हवी होती. तिची अट एकच, नवऱ्याच्या रोलमध्ये खरा नवराच हवा. तो देसी अर्नाझ, क्युबाहून आलेला बँडलीडर. अमेरिकन बाईचा क्युबन नवरा प्रेक्षकांना पटेल का, याची चॅनलला धास्ती. वाद घालत बसण्यापेक्षा १९५० मध्ये दोघं स्टेज शो घेऊन दौऱ्यावर निघाली. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं आणि चॅनल गप्प झालं.

दुसरा पेच जागेचा. तेव्हा मालिका न्यूयॉर्कहून लाइव्ह व्हायच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांना पडद्यावरून चित्रित केलेली धूसर कॉपी मिळायची. ल्युसिल-देसीला हॉलिवूड सोडायचं नव्हतं. सिनेमासारखं ३५ एमएम फिल्मवर शूट करू, असं त्यांनी सुचवलं. खर्च वाढणार होता, म्हणून दोघांनी स्वतःचं मानधन कमी करून घेतलं. बदल्यात एपिसोड्सची मालकी मागितली, आणि ती मिळालीही! एकदा दाखवलेला एपिसोड पुन्हा विकता येतो, हे तेव्हा फारसं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

पुढे रीरनचा धंदा उभा राहिला. सीबीएसने तेच एपिसोड लाखो डॉलर मोजून विकत घेतले. १९५७ मध्ये या जोडीच्या डेसिलू कंपनीने चक्क आरकेओचा स्टुडिओ खरेदी केला. जिथे ती किरकोळ रोल करायची, तिथलीच ती मालकीण झाली!

मधल्या काळात ल्युसिल गरोदर राहिली. टीव्हीवर तेव्हा तो शब्दसुद्धा चालत नव्हता. तिने पोट लपवलं नाही, गरोदरपण कथेतच आणलं. १९ जानेवारी १९५३ला ल्युसी प्रसूतीसाठी हॉस्पिटलमध्ये जाते तो एपिसोड लागला आणि त्याच दिवशी ल्युसिललाही मुलगा झाला. जवळपास ४.४ कोटी लोकांनी तो एपिसोड पाहिला.

पडद्यावरचा संसार गोड, घरातला मात्र मोडत गेला. देसीचं पिणं आणि बाहेरची प्रकरणं यातून १९६०ला घटस्फोट झाला. दोन वर्षांनी तिने देसीचा हिस्सा विकत घेतला आणि मोठा टीव्ही स्टुडिओ चालवणारी ती अमेरिकेतली पहिली स्त्री ठरली. तिच्याच काळात डेसिलूने एका महागड्या स्पेस-मालिकेवर पैसे लावले. ती ‘स्टार ट्रेक’. ‘मिशन : इम्पॉसिबल’ही तिथलीच. १९६७ मध्ये तिने कंपनी १.७ कोटी डॉलरला विकली.

२६ एप्रिल १९८९ला ल्युसिल गेली. चॉकलेटच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरची चॉकलेटं तोंडात कोंबणारी ल्युसी आजही क्लिपमध्ये व्हायरल होते. ती बघून हसाच. पण मानधन कमी घेऊन मालकी मागणारी ल्युसिलही लक्षात ठेवा. पहिलं काँट्रॅक्ट सही करताना ती जास्त कामाला येईल!