कुस्तीवीर खाशाबा जाधव

कराडनजीक गोळेश्वर नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तें खेडें व आमचें तासगांव हीं १९४९ पर्यंत एकाच सातारा जिल्ह्यांत मोडत असत. त्या गांवीं १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमधील पहिलें वैयक्तिक पदक मिळवून देणाऱ्या या पुरुषाचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींपुढें संक्षेपानें ठेवीत आहों.

वडील स्वतः मल्ल असल्यामुळें खाशाबांस तालमीच्या मातीची गोडी बालपणींच लागली. कराडचें टिळक हायस्कूल व कोल्हापूरचें राजाराम कॉलेज येथें त्यांचें शिक्षण झालें. शरीरयष्टि लहान; परंतु चपळाई व डावपेंच यांच्या बळावर ते भल्याभल्यांस चीत करीत. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साह्यानें ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातींत वाढलेल्या या तरुणास तेथें गादीवर लढावें लागलें. तरीहि त्यांनीं आपल्या गटांत सहावा क्रमांक मिळविला.

१९५२ सालीं हेलसिंकीस जाणाऱ्या भारतीय संघांत मात्र प्रथम त्यांचें नांव आलें नाहीं. खचून न जातां त्यांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हां कुस्ती ठरली, आणि ती जिंकून त्यांनीं संघांत स्थान मिळविलें. पण प्रवासाचा पैसा कोठून आणावा? गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं तर आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले! शिष्यासाठीं गुरूनें याहून अधिक काय करावें?

त्याच संघांत कोल्हापूरचे केशवराव माणगावे हेहि होते. त्यांचें पदक थोडक्यांत हुकून ते चौथे आले. खाशाबांनीं ५७ किलो वजनाच्या गटांत कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस जिंकलें. जपानच्या इशी यांच्याशीं झालेली दीर्घ कुस्ती ते हरले. नियमाप्रमाणें मिळावयाची अर्ध्या तासाची विश्रांति न मिळतां त्यांस लागलीच सोव्हिएत मल्लाशीं झुंजावें लागलें. तक्रार मांडण्यास आपला कोणी अधिकारी त्या वेळीं तेथें नव्हता. ती कुस्तीहि गेली; पण २३ जुलै रोजीं कांस्यपदक त्यांच्या पदरीं पडलें.

ते परत आले तेव्हां कराडकरांनीं शंभरांहून अधिक बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली. खाशाबांनीं मात्र आधीं कुस्त्यांचीं मैदानें भरविलीं आणि त्या उत्पन्नांतून प्राचार्यांचें ऋण फेडलें. १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत शिरले. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नांवें जाहीर झाला तो मृत्यूनंतर, २००० सालचा. भारतास दुसरें वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें, यावरून त्यांच्या पराक्रमाची थोरवी कळून येईल.

विद्यार्थी मित्रहो, पदक एकाच्या गळ्यांत पडतें. पण तें मिळविण्यास गांवकऱ्यांची वर्गणी व गुरूचें गहाण पडलेलें घर लागतें. हें न विसरतां ज्यानें प्रथम ऋण फेडलें, त्याची थोरवी आम्हांस पदकाहूनहि मोठी वाटते.