संपादकांच्या दाराशी गेलेले धर्मगुरू : संत टायटस ब्रँडस्मा

वृत्तपत्राने काय छापावे, काय नाकारावे आणि अयोग्य आहे हे ठाऊक असूनही माणूस ते का छापतो, या प्रश्नांचा अभ्यास आज पत्रकारितेचे नीतिशास्त्र म्हणून विद्यापीठांत केला जातो. हॉलंडमधील एका तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला या प्रश्नांचे उत्तर जानेवारी १९४२ मध्ये गावोगाव फिरून द्यावे लागले. ते होते कार्मेल संघाचे फादर टायटस ब्रँडस्मा. त्यांच्या जीवनाचा अल्पपरिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८८१ रोजी हॉलंडच्या फ्रिसलँड प्रांतात, बोल्सवर्ड गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. घरी दुधाचा व्यवसाय होता. त्यांचे मूळ नाव आनो. सहा भावंडांपैकी पाच जणांनी व्रतस्थ जीवन स्वीकारले. आनो १८९८ मध्ये कार्मेल संघात दाखल झाले आणि तेथे त्यांनी आपल्या वडिलांचेच नाव, टायटस, धारण केले. १९०५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली व १९०९ मध्ये रोम येथे त्यांनी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली. प्रकृती मात्र लहानपणापासून नाजूकच राहिली.

१९२३ मध्ये नायमेखन येथे कॅथलिक विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा फादर टायटस तेथे तत्त्वज्ञान आणि गूढवादाचा इतिहास शिकवू लागले. १९३२-३३ या वर्षी ते विद्यापीठाचे प्रमुखही होते. पण केवळ व्याख्यानांत रमणारे विद्वान अशी त्यांची ओळख करून दिली, तर ती अपुरी ठरेल. त्याआधीच त्यांनी ओस या गावच्या स्थानिक वृत्तपत्राचे संपादकपद सांभाळले होते. १९३५ मध्ये त्यांची कॅथलिक पत्रकार संघटनेचे आध्यात्मिक सल्लागार म्हणून नेमणूक झाली. पत्रकारांच्या प्रशिक्षणात आणि त्यांच्या नोकरीच्या अटींतही त्यांनी लक्ष घातले, हे आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटते. ज्याला उद्याच्या पोटाची चिंता आहे, त्याला सदसद्विवेकाचा उपदेश करणे सोपे असते. त्याच्या पगाराविषयी बोलणारे फार थोडे असतात.

जर्मनीतील नाझी विचारसरणीवर ते १९३० च्या दशकापासूनच आपल्या व्याख्यानांतून टीका करीत होते. मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी हॉलंड व्यापले. पुढे ज्यू विद्यार्थ्यांना शाळांतून काढून टाकण्याचा हुकूम निघाला, तेव्हा कॅथलिक शाळांनी तो मानू नये या भूमिकेसाठी ते झटले. डिसेंबर १९४१ मध्ये वृत्तपत्रांची पाळी आली. एन.एस.बी. या डच नाझी पक्षाच्या जाहिराती नाकारता येणार नाहीत, असे सर्व वृत्तपत्रांना कळविण्यात आले.

येथे क्षणभर थांबणे आवश्यक आहे. जाहिरात म्हणजे काही संपादकाचे मत नव्हे. ती छापली तर अंक निघतो, कामगारांचे पगार होतात, उरलेल्या पानांवर चांगले काही लिहिता येते. शिवाय शेजारचे वृत्तपत्रही ती छापणारच. कोणताही सज्जन संपादक असाच विचार करू शकेल आणि त्यातील प्रत्येक वाक्य खरेही असेल. माणूस बहुधा अशाच खऱ्या वाक्यांच्या आधाराने वाकतो. फादर टायटस यांना हे चांगले उमगले होते.

उट्रेख्टचे आर्चबिशप यान द यॉंग यांच्याशी विचारविनिमय करून त्यांनी ३१ डिसेंबर १९४१ रोजी संपादकांसाठी पत्र तयार केले. कॅथलिक म्हणवणाऱ्या वृत्तपत्राने अशा जाहिराती नाकारल्याच पाहिजेत, मग दंड होवो वा वृत्तपत्र कायमचे बंद पडो, असा त्याचा आशय होता. पत्र टपालाने धाडून ते मोकळे होऊ शकले असते. परंतु साठी गाठलेले हे आजारी धर्मगुरू स्वतः एकेका संपादकाला भेटायला निघाले. जिवाला धोका आहे याची त्यांना कल्पना होती. समोर बसून बोलले म्हणजे संपादकाला आपली भीती एकट्याने सोसावी लागत नाही, म्हणूनच हा मार्ग त्यांनी निवडला असावा, असे आम्हांला वाटते. चौदा संपादकांची भेट झाली आणि १९ जानेवारी १९४२ रोजी त्यांना नायमेखनच्या मठातून अटक झाली.

स्खेवेनिंगनच्या तुरुंगात त्यांनी काहीही लपवले नाही. डच लोकांचा या पक्षाला विरोध का, हे लिहून देण्यास सांगितले गेले, तेव्हा त्यांनी तेही सविस्तर लिहून दिले. कोठडीत त्यांनी आविलाच्या संत तेरेजा यांचे चरित्र लिहायला घेतले. कागद संपला तेव्हा ते एका छापील पुस्तकाच्या ओळींमधील कोऱ्या जागेत लिहू लागले. तेथून आमर्सफोर्टची छावणी, मग जून १९४२ मध्ये दाखाऊ. २६ जुलै १९४२ रोजी छावणीच्या दवाखान्यात विषारी इंजेक्शन देऊन त्यांना ठार मारण्यात आले.

इंजेक्शन देणारी परिचारिका कॅथलिक धर्मापासून दुरावलेली होती. फादरांनी तिला आपली जपमाळ दिली. आपल्याला प्रार्थना येत नाही असे ती म्हणाली, तेव्हा त्यांनी निदान शेवटचा भाग तरी म्हण, असे सुचवले. पुढे त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेत तिनेच साक्ष दिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३ नोव्हेंबर १९८५ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले. पोप फ्रान्सिस यांनी १५ मे २०२२ रोजी त्यांना संतपद बहाल केले. त्याच सोहळ्यात आपल्या भारतातील देवसहायम पिल्लई हेही संत झाले. पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या जोडीला संत टायटस यांनाही मान्यता मिळावी, अशी विनंती त्याच महिन्यात अनेक पत्रकारांनी पोपमहोदयांना पत्र लिहून केली.