देवाची साक्ष : विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे चरित्र

भाविक वाचकहो, देव आहे हे सिद्ध करून दाखवा, असे कोणी रोखठोक विचारले की आम्हा वारकऱ्यांची पंचाईत होते. हातात टाळ असतो, मुखी नाम असते. पण पुरावा मागितला म्हणजे कोणी रागावतो, कोणी हसून विषय टाळतो. आमच्या पनवेलास हल्ली नव्या वसाहतींतून कीर्तनाला येणारी पोरे शिकलेली असतात. ती हा प्रश्न कुचेष्टेने विचारीत नाहीत, खरोखर जाणून घ्यायचे म्हणून विचारतात. त्यांना उडवून लावणे बरे नव्हे. म्हणून या अंकी आमच्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका पुरुषाचे चरित्र सांगावयाचे योजिले आहे. या पुरुषाने ईश्वराविषयीचा वाद मुंबईच्या समुद्रकाठी, भर लोकांत, महिनोन् महिने चालविला. ते म्हणजे विष्णुबुवा ब्रह्मचारी.

बुवांचे मूळ नाव विष्णु भिकाजी गोखले. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव भागातील शिरवली या गावी त्यांचा जन्म १८२५ साली झाला. मूल पाच वर्षांचे होते न होते तोच वडील वारले. घरची गरिबी. मोठ्या पाठशाळेत बसून शास्त्र घोकावे अशी सोय कुठली? लहान वयातच पोटामागे लागावे लागले. पुढे परीक्षा देऊन ते सरकारच्या जकात खात्यात चिकटले. त्या काळी खाडीकाठच्या बंदरांवर मालाची जकात वसूल करणारी नाकी असत, तिथली ही नोकरी. पोटापाण्याची ददात मिटली.

पण मनाची ददात मिटली नव्हती. खरे काय आहे, हे कळावे म्हणून त्यांनी साधू गाठले, शास्त्री गाठले, प्रश्न विचारले. समाधान होईना. तेव्हा तेवीस वर्षांच्या या तरुणाने चालती नोकरी सोडली आणि नाशिकजवळची सप्तशृंगी गाठली. त्या डोंगरात एकांतात राहून त्यांनी तप केले. तिथे आपणास साक्षात्कार झाला, असे बुवांनी पुढे स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेविले आहे.

ही गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात धरावी, कारण पुढे तिचे काम आहे. बुवांना देव भेटला तो वादात नव्हे, डोंगरात. वाद मागाहून आला.

डोंगरावरून उतरल्यावर त्यांनी उपदेशाला आरंभ केला तो पंढरपुरास. बुवा काही आपल्या फडाचे नव्हते. त्यांची वाट वेदान्ताची. तरी आरंभ झाला तो पांडुरंगाच्या पायाशी, याचे आम्हांस कौतुक वाटते. तिथून सांगली, सातारा, पुणे असे करीत १८५६ साली ते मुंबईस पोचले.

त्या वेळची मुंबई कशी होती? मिशनऱ्यांच्या शाळा जोरात होत्या. १८३९ साली दोन पारशी मुले ख्रिस्ती झाली तेव्हा शहर हादरले होते. १८४३ साली नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले. १८५४ साली बाबा पदमनजी झाले. ही शिकलेली, विचार करणारी माणसे होती. त्यांना कोणी पळवून नेले नव्हते. आपल्या लोकांपाशी त्यांच्या शंकांना उत्तर नव्हते, हे खरे दुखणे. घरोघरच्या आईबापांच्या पोटात भीती होती, आणि शास्त्री मंडळी पुष्कळशी गप्प होती.

अशा वेळी इंग्रजी न शिकलेला हा कोकणी ब्रह्मचारी उभा राहिला. १५ जानेवारी १८५७ पासून २८ मे १८५७ पर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी गुरुवारी संध्याकाळी सभा भरत. एका बाजूस बुवा, दुसऱ्या बाजूस पाद्री. आणि भोवती वाळूत बसलेला, उभा राहिलेला समाज. मे महिन्यात उत्तरेत मोठा उठाव पेटला होता. त्या अस्वस्थ दिवसांत या सभा थांबल्या. पाद्र्यांच्या बाजूने या वादाचे पुस्तक त्याच साली इंग्रजीत निघाले. बुवांच्या बाजूचे पुस्तक त्यांच्या पश्चात १८७२ साली बाहेर पडले.

आता वाद कशावर होता ते पाहू. देव आहे, हे दोन्ही पक्षांस मान्य. भांडण होते ते देव कसा, यावर. पाद्री म्हणत, ईश्वराने जग काही नसताना निर्माण केले. बुवा म्हणत, नाही त्यातून आहे कसे निघेल? जग ब्रह्मापासून झाले, ब्रह्माहून वेगळे काही नाहीच. मग पाद्री उलट विचारीत, सगळे ब्रह्मच असेल तर पाप कोणाचे आणि दुःख कोणाला? प्रश्न दोन्हीकडचे बिनतोड. उत्तरे दोन्हीकडे होती. पण उत्तर ऐकून समोरचा गप्प झाला आणि त्याने हात जोडले, असे काही झाले नाही. बुवा हिंदूच राहिले, पाद्री ख्रिस्तीच राहिले.

याचे कारण आमच्या पूर्वसूरींना ठाऊक होते. घट आहे म्हणजे कुंभार असलाच पाहिजे, तसे जग आहे म्हणजे कर्ता असलाच पाहिजे, असे अनुमान नैयायिकांनी मांडले. उदयनाचार्यांचा न्यायकुसुमांजलि हा ग्रंथ त्यासाठीच प्रसिद्ध आहे. त्यावर सांख्य, मीमांसक, जैन, बौद्ध यांनी आक्षेप घेतले. कुंभाराला हातपाय असतात, देवाला आहेत काय? मोठा वाडा बांधायला गवंडी पुष्कळ लागतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून? आणि गंमत अशी की शंकराचार्य आणि रामानुजाचार्य, एरवी एकमेकांच्या विरुद्ध टोकांना, पण या एका बाबतीत एक आहेत. नुसत्या तर्काने ब्रह्म हाती लागत नाही, त्याला श्रुतीचाच आधार, हे दोघांनाही मान्य. पश्चिमेकडेही जर्मनीतला कांट १७८१ साली याच निर्णयास आला की देवाची सिद्धता बुद्धीच्या बळावर होत नाही. आणि देव नाही, हेही तिला सिद्ध करता येत नाही. आपल्या माउलींनी तर अमृतानुभवात शब्दखंडनाचे सबंध प्रकरणच घातले. आत्मवस्तू आपल्याच प्रकाशाने उजळलेली. तिला दाखवायला शब्दाचा दिवा कशाला, असा त्याचा आशय.

मग अनुभव हाच पुरावा, असे म्हणून आपण सुटलो काय? इथे थोडे थांबावे लागते.

समुद्रकाठी बुवांच्या समोर जे उभे राहिले त्यांत जॉर्ज बोवेन नावाचे अमेरिकन पाद्री प्रमुख होते. त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तरुणपणी हा माणूस नास्तिक होता. त्यांची वाग्दत्त वधू १८४४ साली वारली आणि जाता जाता आपले बायबल त्यांना वाचायला ठेवून गेली. त्या वाचनातून त्यांचे मन पालटले. १८४८ साली ते मुंबईस आले, लवकरच मिशनचा पगार घेणे त्यांनी सोडले, आणि गोरगरिबांच्या वस्तीत अगदी साधेपणाने राहून १८८८ साली इथेच देह ठेविला.

म्हणजे पाहा, वाळूवर समोरासमोर उभे असलेले हे दोघेही वादाने देवाकडे आले नव्हते. एकाला डोंगराने नेले, एकाला मरणाने. दोघेही खरे, दोघांचाही अनुभव खरा. आणि तरी दोघांचे म्हणणे जुळेना. भोवतीच्या श्रोत्याने कोणाचा अनुभव प्रमाण मानावा? अनुभव ज्याचा त्याला पुरतो. दुसऱ्यावर तो लादता येत नाही, हे आपण मोकळेपणी कबूल केले पाहिजे. पोरांनी प्रश्न विचारला तर आमच्या अनुभवावर विश्वास ठेवा, एवढे म्हणून त्यांचे तोंड बंद करण्याचा आपल्याला हक्क नाही.

तर मग दुसऱ्याला काय दिसते? फळ दिसते. आणि इथे बुवांच्या चरित्राचा उत्तरार्ध कामी येतो.

१८५९ साली त्यांचा वेदोक्तधर्मप्रकाश हा मोठा ग्रंथ निघाला. पण १८६७ साली त्यांनी एक लहानसे पुस्तक काढले, सुखदायक राज्यप्रकरणी निबंध. सगळे एकच ब्रह्म आहे, असे जर तोंडाने म्हणता, तर एकाच्या घरी कणगी भरलेली आणि शेजारी चूल थंड, हे कसे? म्हणून बुवांनी मांडले की राजा आणि प्रजा मिळून एक कुटुंब मानावे. जमीन सर्वांची, कष्ट सर्वांनी करावेत, पीक गावच्या एका कोठारात साठवावे आणि ज्याला जेवढे लागेल तेवढे त्याने न्यावे. वस्त्रांचेही तसेच. त्याच साली तिकडे जर्मनीत मार्क्सच्या भांडवल या ग्रंथाचा पहिला भाग छापला गेला; पण बुवा आपल्या ठिकाणी पोचले ते वेदान्ताच्या वाटेने. निबंधाचे इंग्रजी भाषांतर १८६९ साली झाले. लोकांनी त्याला वेडेपणा म्हटले, राज्य काही तसे झाले नाही. १८ फेब्रुवारी १८७१ रोजी मुंबईस बुवांनी देह ठेविला. वय अवघे पंचेचाळीस.

समुद्रकाठच्या वादापेक्षा आम्हांस हा निबंध मोठा वाटतो. वादात बुवांनी ब्रह्म सांगितले. निबंधात ब्रह्म खरे असेल तर भाकरीचे काय करावे लागेल, ते सांगितले. देव सिद्ध करण्याची माणसाच्या हाती असलेली रीत बहुधा हीच. भूमितीच्या सिद्धान्तासारखा देव सिद्ध होत नाही. पण देव मानणारा माणूस त्या मानण्याने कसा झाला, हे तर कोणालाही तपासता येते.

तेव्हा सज्जनहो, पुढच्या वेळी कोणी पोरगा पुरावा मागेल तर रागावू नका. तर्काने होत नाही, हे त्याला सरळ सांगा. शंकराचार्यांनीही तेच म्हटले आहे, त्यात कमीपणा नाही. मग त्याला वारीला चल म्हणा. आपण पनवेलहून घाट चढून देहू-आळंदीच्या वाटेला लागलो की पंगतीत शेजारी कोण बसला हे विचारीत नाही, दमलेल्याचे ओझे न सांगता उचलतो. तेवढे दिवस तरी बुवांचे एक कोठार थोडेबहुत खरे झालेले असते. पोरगा ते पाहील. पण घरी परतल्यावर आपण काय करतो, तेही तो पाहणार आहे. द्वादशीनंतर दाराशी आलेल्या भुकेल्याला आपण हुसकून लावले, तर आपण स्वतःच आपल्या देवाविरुद्ध साक्ष दिली असे होईल. आणि ती साक्ष खोडून काढायला कोणताही विष्णुबुवा येणार नाही.

रामकृष्णहरि.